वाचकांचे प्रश्न : तोर्तोनाच्या टेकड्यांवरचे तिमोरासो

गेल्या अंकात तिमोरासो या इटालियन पांढऱ्या द्राक्षावर छोटे टिपण होते. ज्यांच्या हातून तो अंक निसटला त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर इटलीत पिएमोंते प्रांताच्या आग्नेय कोपऱ्यात, आलेस्सांद्रिया जिल्ह्यात, तोर्तोना शहराभोवती टेकड्या आहेत. तिथले हे जुने वाण विसाव्या शतकात जवळजवळ संपले होते. आता त्याच्या नव्या बागा उभ्या राहत आहेत आणि त्यांतल्या काही छोट्या वायनरी सेंद्रिय पद्धतीने काम करतात. टिपणावर बरीच पत्रे आली. बहुतेक द्राक्ष बागायतदारांची आहेत, त्यामुळे उत्तरेही बागेच्या आणि तळघराच्या भाषेतच दिली आहेत.

प्रश्न : वाण इतके चांगले होते, तर शेतकऱ्यांनी ते सोडले का? आणि परत आणले कोणी?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : चवीमुळे कोणी सोडले नाही, हिशोबामुळे सोडले. फायलॉक्सेराच्या किडीने युरोपातल्या बागा उद्ध्वस्त केल्यावर सगळीकडे अमेरिकन खुंटावर, म्हणजे मुळे पुरवणाऱ्या वेलीवर, कलमे करून नव्याने लागवड करावी लागली. नव्याने लावायचेच, तर हमखास माल देणारे वाण लावू, असा विचार घरोघरी झाला. तोर्तोनाकडे लाल द्राक्षांत बार्बेरा आणि पांढऱ्यांत कोर्तेसे पसरले ते त्यामुळे. तिमोरासोची मणीधारणा बेभरवशाची. एखाद्या वर्षी घड भरगच्च, तर दुसऱ्या वर्षी फुलोऱ्यात पाऊस लागला की अर्धे मणी गळतात आणि उरलेल्यांत वाटाण्याएवढे हिरवे मणी मिसळलेले असतात. त्यातच मिलान, तोरिनो, जेनोवा इथल्या कारखान्यांनी गावातली तरुण माणसे ओढून नेली. वेळखाऊ वाणाला हात कोण देणार?

1980 च्या दशकात हे वाण जुन्या बागांतून विखुरलेल्या वेलींच्या रूपानेच उरले होते. मोनलेआले गावच्या वॉल्टर मास्सा यांनी 1987 मध्ये आपल्या बागेतल्या तिमोरासोची वाइन इतर द्राक्षांत न मिसळता वेगळी केली. पुढे क्लाउदियो मारिओत्तो, ला कोलोंबेरा अशा शेजारच्या वायनरी जोडल्या गेल्या. वाइनला त्यांनी तोर्तोनाचे रोमन काळातले नाव दिले, देर्तोना. अलीकडे वियेत्ती, बोर्गोन्यो, रोआन्या, ला स्पिनेत्ता या नामवंत घराण्यांनीही इकडे जमिनी घेतल्या आहेत.

हिशोब बदलला म्हणूनच हे वाण परतले, हे लक्षात घ्या. हेक्टरी 4,500 वेली धरा, प्रत्येकीवर दीड किलो. माल झाला पावणेसात टन. 65 टक्के रस धरला तर सुमारे 4,400 लिटर, गाळ व घट वजा जाता साडेपाच हजार बाटल्या. शेजारीच होणाऱ्या ‘गावी’ नावाच्या वाइनसाठी कोर्तेसेला नियमानेच हेक्टरी साडेनऊ टनांपर्यंत मुभा आहे. म्हणजे तिमोरासो किलोवर विकून कोर्तेसेची बरोबरी करू शकत नाही. ते स्वतः बाटलीत भरून, दीड-दोन वर्षे थांबून, चढ्या भावाने विकले तरच परवडते. ज्या छोट्या वायनरीकडे ही दीड-दोन वर्षे अडकून पडणारी रक्कम पेलायची सोय नाही, तिने पहिल्याच वर्षी सगळी बाग तिमोरासोची करू नये. अर्धी बाग बार्बेराची ठेवून त्याची ताजी वाइन विकत राहावी, म्हणजे रोजचा खर्च निघतो.

प्रश्न : हिरवे बारीक मणी आणि मणीगळ हा आमच्याकडेही ताप आहे. आम्ही जिबरेलिक अॅसिड हे वाढीचे संजीवक वापरतो. तिकडचे सेंद्रियवाले काय करतात?
– वाचक, तासगाव

उत्तर : जिबरेलिक अॅसिड युरोपच्या सेंद्रिय नियमांत बसत नाही. बसले असते तरी बियांच्या वाइन द्राक्षावर ते वापरणे धोक्याचेच, कारण पुढच्या वर्षीच्या डोळ्यांतली घडधारणा त्याने कमी होते. बिनबियांच्या थॉमसन द्राक्षाचा अनुभव इथे लावू नका.

मणीगळीमागे तीन-चार गोष्टी एकत्र असतात. फुलोरा तिथे मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या दिवसांत थंडी-पाऊस झाला तर फुलाची टोपी गळत नाही आणि परागीभवन अडते. त्यावर माणसाचा उपाय नाही. पण बाकीची कारणे हातातली आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठे कारण म्हणजे वेलीचा माज. नत्र जास्त झाले की शेंडा पळतो आणि सगळी साखर तिकडे जाते, फूल उपाशी राहते. म्हणून कंपोस्ट शरद ऋतूत द्यायचे, वसंतात नाही. फुलोऱ्याआधी महिनाभर जमीन नांगरायची किंवा फिरवायची नाही, कारण फिरवलेल्या मातीतून नत्र एकदम मोकळे होते. एक आड एक ओळीत गवत राखायचे, ते जादा नत्र आणि वसंतातले जादा पाणी ओढून घेते.

फुलोरा सुरू होताना शेंड्याचे टोक 10-15 सेंटिमीटर खुडले तर आठ-दहा दिवस शेंड्याची ओढ थांबते आणि तेवढ्यात मणी धरतात. हे काम वेळेवरच व्हायला हवे. दहा दिवस उशीर झाला तर बगलफुटींचे रान माजते, फायदा शून्य. बोरॉन कमी असेल तर फुलोऱ्याच्या आठवडाभर आधी हेक्टरी 200 ग्रॅम शुद्ध बोरॉन, म्हणजे साधारण 1.15 किलो बोरिक अॅसिड, फवारणीतून द्यावे. पण आधी पानदेठ परीक्षण करून कमतरता दिसली तरच. बोरॉनची पुरेशी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते.

एक चूक अनेक जण करतात. दाट घडांच्या वाणांत फुलोऱ्याआधी घडाजवळची पाने काढतात, त्याने मणी कमी धरतात आणि घड सुटा होतो. तिमोरासोत तेच केले तर आधीच दुबळी मणीधारणा आणखी ढासळते. इथे पाने मणी ज्वारीएवढे झाल्यावर काढायची, तीही ओळीच्या सकाळच्या उन्हाच्या बाजूचीच. दुपारच्या बाजूला पाने राहू द्यायची.

प्रश्न : आम्ही एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) नियमित मारतो. युरोपात सेंद्रिय बागेला तांब्याची मर्यादा आहे असे वाचले. मग केवडा हा बुरशीचा रोग कसा आवरतात?
– बागायतदार, नारायणगाव

उत्तर : मर्यादा अशी : सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो धातुरूप तांबे, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो. आता तुमच्या एक टक्का बोर्डोचा हिशोब करा. 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद. मोरचुदात तांबे 25 टक्के. एकरी 400 लिटर पाणी म्हणजे हेक्टरी 1,000 लिटर, त्यात 10 किलो मोरचूद, त्यात अडीच किलो तांबे. एका फवारणीत वर्षाच्या वाट्यातला निम्म्याहून अधिक भाग संपला. म्हणून तिकडच्या सेंद्रिय बागेत बोर्डोचे नाव तेच असले तरी प्रमाण अगदी वेगळे असते.

सुरुवातीला फुटी लहान असताना हेक्टरी 150 ते 200 ग्रॅम तांबे, फुलोऱ्याच्या आगेमागे, केवड्याचा जोर असताना 300 ते 400 ग्रॅम. 300 ग्रॅम तांबे म्हणजे 1.2 किलो मोरचूद. 500 लिटर पाण्यात ते जेमतेम पाव टक्का होते. अशा दहा-बारा फवारण्या साडेतीन किलोच्या आसपास बसतात. मर्यादेमागचे कारण साधे आहे. तांबे कुजत नाही, विरत नाही. 1885 मध्ये बोर्डो मिश्रण प्रचारात आले तेव्हापासून मारलेले तांबे युरोपातल्या जुन्या बागांच्या वरच्या थरात साठून राहिले आहे आणि गांडुळांना, मातीतल्या बुरशींना ते जाचते.

कमी तांब्यात भागवायचे तर वेळ अचूक साधावी लागते. पहिल्या लागणीसाठी इटलीत ‘तीन दहा’चा ठोकताळा वापरतात : फूट 10 सेंटिमीटरची झालेली, किमान तापमान 10 अंशांवर, आणि एक-दोन दिवसांत 10 मिलिमीटर पाऊस. तिन्ही जुळले की लागण झाली असे धरायचे. तिथून तापमानानुसार साधारण 6 ते 12 दिवसांत पानावर तेलकट डाग दिसतो. तांबे हे संरक्षक आहे, आंतरप्रवाही नाही. पानात शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाही. म्हणून फवारणी पावसाच्या आधी. पाऊस झाल्यावर बाग ओली म्हणून दोन दिवस थांबून मारलेली फवारणी त्या पावसाच्या लागणीसाठी वाया गेलेली असते.

पुढची फवारणी कधी? 25-30 मिलिमीटर पाऊस पडून गेला तर तांबे धुऊन गेले असे समजायचे. पाऊस नसला तरी फुटीवर आठ-दहा सेंटिमीटर नवी वाढ आली की ती उघडी असते. मे महिन्यात हे आठवड्यात होते. म्हणजे दिवस मोजून नव्हे, पर्जन्यमापक आणि फूट मोजून फवारायचे. एका छोट्या वायनरीला बागेतच एक पर्जन्यमापक आणि तापमान नोंदवणारे यंत्र लागतेच. खोऱ्यापल्याडच्या केंद्राचा आकडा या डोंगराळ भागात उपयोगाचा नाही.

भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसणाऱ्या बुरशीला, गंधक. पाण्यात मिसळणारे हेक्टरी 2 ते 4 किलो तांब्याबरोबरच, आणि फुलोऱ्यात धुरळणीचे गंधक 20 ते 30 किलो. 30-32 अंशांवर गंधक पाने आणि मणी भाजते, तेव्हा कडक उन्हात ते मारू नये. काढणीच्या आधी पाच आठवडे गंधक पूर्ण बंद. मण्यावर राहिलेले गंधक टाकीत यीस्ट हायड्रोजन सल्फाइडमध्ये बदलते आणि वाइनला सडक्या अंड्याचा वास येतो. बागेतली चूक तळघरात उघडी पडते ती अशी. भुरी उशिरा दिसली तर पोटॅशियम बायकार्बोनेट चालते.

हे सगळे नीट करूनही एखादे वर्ष हातचे जाते. 2023 च्या ओल्या वसंतात मध्य आणि दक्षिण इटलीत केवड्याने सेंद्रिय बागांचा फडशा पाडला. आमचे स्पष्ट मत असे की सेंद्रिय प्रमाणपत्राचा विचार करणाऱ्याने पाच वर्षांत एक वर्ष निम्म्या मालाचे धरूनच ताळेबंद मांडावा.

प्रश्न : तिथे तुडतुड्यांमुळे बागा उपटाव्या लागतात हे खरे का? आमच्याकडे तुडतुडे रस शोषतात, पण वेल मरत नाही.
– वाचक, दिंडोरी

उत्तर : खरे आहे. तिथला तुडतुडा, स्कॅफॉइडियस टायटॅनस, मूळचा अमेरिकेतला. रस शोषण्याने तो फार नुकसान करत नाही. तो फायटोप्लाझ्मा नावाचा जिवाणूसारखा सूक्ष्मजीव वाहून नेतो आणि त्यातून फ्लाव्हेसेन्स दोरे हा रोग होतो. पांढऱ्या वाणांत पाने पिवळी पडून खाली वळतात, घड सुकतात. पण ओळखण्याची हमखास खूण काडीत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काडी पिकून तपकिरी व्हायला हवी, ती हिरवी आणि रबरासारखी लवचिक राहते. त्यावर औषध नाही. वेल मुळासकट उपटावी लागते, नुसती वरून कापून चालत नाही, कारण खुंटातून फुटलेल्या धुमाऱ्यातही रोग टिकतो. या भागात बार्बेरा मोठ्या प्रमाणात आहे आणि ते वाण या रोगाला फारच हळवे, त्यामुळे शेजारच्या तिमोरासोवरही सतत दडपण असते.

कीड वर्षात एकच पिढी करते. अंडी दोन वर्षांच्या व त्याहून जुन्या लाकडाच्या सालीत हिवाळा काढतात, मेच्या मध्यापासून पिल्ले बाहेर पडतात. फवारणी कायद्याने सक्तीची आहे आणि सेंद्रियवाल्याच्या हातात मुख्यतः शेवंतीवर्गीय फुलांतून काढलेले पायरेथ्रिन असते. ते उन्हात काही तासांत निकामी होते. म्हणून सूर्यास्तानंतर, पाण्याचा सामू (पीएच) 6 ते 6.5 च्या दरम्यान आणून, पानाच्या खालच्या बाजूला, पिल्ले लहान असतानाच. सात-दहा दिवसांनी दुसरी फेरी. पंख फुटलेल्या प्रौढांवर ते जवळजवळ उपयोगाचे नाही. फुलोऱ्यात फवारणीला बंदी आहे, आणि ओळींमधले गवत फुलले असेल तर मधमाशांसाठी ते आधी कापावे लागते.

फवारणीइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे जुलैपासून दर आठवड्याला ओळीओळीतून चालून संशयित वेलीला फीत बांधणे. दुसरे, कुंपणाबाहेरच्या सोडून दिलेल्या बागा आणि जंगलात माजलेले अमेरिकन खुंट काढून टाकणे. रोगाचा साठा तिथे असतो. हे काम एकट्या वायनरीचे नाही, साऱ्या गावाने मिळून करायचे आहे.

प्रश्न : मोजक्या उरलेल्या वेलींपासून पूर्ण बाग कशी उभी करतात? खुंट कोणता? डॉगरिज चालेल का?
– रोपवाटिकाधारक, इंदापूर

उत्तर : एकाच चांगल्या वेलीच्या काड्या घेऊन हेक्टरभर लावणे सोपे, पण त्यात वाणाची विविधता मरते. सगळ्या वेली एकाच दिवशी फुलतात आणि एकाच पावसात सापडतात. म्हणून जुन्या बागांतून 30 ते 50 मातृवेली निवडायच्या. निवड तीन हंगामांची : फुलोऱ्यात मणीधारणा पाहायची, मणी मऊ पडताना एकसारखेपणा पाहायचा, काढणीला साखर, आम्ल आणि कुज. चालू वर्षाचा भरघोस घड पाहून निवडलेली वेल पुढच्या वर्षी फसवते.

त्यानंतर विषाणूंची तपासणी. पाने वळवणारे लीफरोल 1 व 3 आणि फॅनलीफ यांची एलायझा चाचणी प्रत्येक मातृवेलीची करायची. जुन्या वेलींत लीफरोल सर्रास निघतो, आणि फॅनलीफ तर स्वतःच मणीगळ घडवतो. फॅनलीफ असलेली वेल ‘वाणाचा स्वभावच असा’ म्हणून वाढवली गेली तर पुढची तीस वर्षे नुकसान.

काड्या जानेवारी-फेब्रुवारीत काढून 2 ते 4 अंशांवर ओलसर ठेवायच्या. फायटोप्लाझ्मासाठी 50 अंशांच्या पाण्यात 45 मिनिटे बुडवायच्या. तापमान दोन अंश वर गेले तर डोळे मरतात, खाली राहिले तर रोग उरतो, तेव्हा थर्मामीटर खात्रीचा हवा. मग टेबलावरच काडीचे खुंटावर कलम, जोड भरून यायला (कॅलस) 28 अंशांवर तीन आठवडे, एक हंगाम रोपवाटिका, पुढच्या वसंतात लागवड. तिसऱ्या वर्षी पहिला वापरण्याजोगा माल, पूर्ण उत्पादन पाचव्या-सहाव्या वर्षी.

खुंटाबाबत पहिला प्रश्न चुन्याचा. तोर्तोनाभोवती सांत आगाता फोस्सिली मार्ल नावाची निळसर राखाडी, चुनखडीयुक्त चिकणमाती आहे, समुद्रतळी साठलेली. भूगर्भशास्त्रात 1.16 कोटी ते 72 लाख वर्षांपूर्वीच्या काळाला या शहरावरूनच ‘तोर्तोनियन’ म्हणतात. सक्रिय चुना जास्त असला की लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. 420 ए व कोबर 5 बीबी सुमारे 20 टक्के सक्रिय चुन्यापर्यंत टिकतात, 41 बी 40 च्या जवळपास. त्यांत जोमाने मध्यम म्हणून 420 ए तिमोरासोला बरा, मात्र तो सुरुवातीची दोन वर्षे सावकाश वाढतो. डॉगरिज आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्यासाठी उत्तम. पण त्याचा जोम प्रचंड, आणि जोम वाढला की मणीगळ वाढते, ते वर आलेच आहे. या वाणासाठी नको.

प्रश्न : तळघरातली प्रक्रिया पायरीपायरीने सांगाल का? आणि सेंद्रिय वाइनमध्ये सल्फाइट नसतेच ना?
– वाइन तंत्रज्ञानाचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : दुसऱ्या भागापासून. सल्फाइट, म्हणजे वाइन टिकवणारे गंधकाचे संयुग, असते. युरोपच्या सेंद्रिय नियमांत कोरड्या पांढऱ्या वाइनला लिटरमागे एकूण 150 मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, साध्या वाइनला 200. काळजीपूर्वक काम केले तर 80 ते 100 मध्ये भागते.

काढणी सप्टेंबरमध्ये, पहाटे, 15-20 किलोच्या क्रेटमध्ये. मोठ्या ट्रॉलीत खालचे घड फुटतात आणि वायनरीत पोहोचेपर्यंत रस तपकिरी पडू लागतो. निवड टेबलावर करण्यापेक्षा बागेतच करावी. करड्या बुरशीचा घड आणि हिरव्या मण्यांचा झुपका कात्रीने कापून खाली टाकायचा. फळ 10-12 अंशांवर थंड करून देठ काढायचे. काही वायनरी साल रसात 24 ते 48 तास ठेवतात, त्याने वाइनला अंग येते. कुज पाच टक्क्यांहून जास्त असेल त्या वर्षी हे करू नये, सालीतून बुरशीचे लॅकेज विकर रसात उतरते आणि ते सल्फाइटलाही फारसे जुमानत नाही.

प्रेसचा दाब हळूहळू वाढवून 1 बारपर्यंत. शेवटचा रस वेगळ्या टाकीत. रसात 100 लिटरला 5 ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, त्यातून लिटरमागे सुमारे 28 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. 12-24 तास थंड ठेवून रस निवळू द्यायचा, पण काचेसारखा नाही. गढूळपणा 80 ते 150 एनटीयू ठेवावा. 50 च्या खाली गेला तर यीस्टला लागणारी चरबी आणि पोषण गाळाबरोबर निघून जाते आणि आंबवण मध्येच थांबते. छोट्या सेंद्रिय वायनरीत आंबवण थांबण्याचे हे एक मोठे कारण.

बागेतल्याच यीस्टवर आंबवायचे असेल तर मुख्य काढणीच्या पाच-सात दिवस आधी 40-50 किलो निरोगी द्राक्षे तोडून, चुरून, 20-22 अंशांवर विरजण लावायचे. दोन-तीन छोटी भांडी वेगवेगळी ठेवा, वास घ्या, बाष्पनशील आम्ल मोजा. ज्यात व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा वास येईल ते फेका. चांगले विरजण रसाच्या 3 ते 5 टक्के टाकायचे. वापरण्याजोगे नत्र लिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर डायअमोनियम फॉस्फेट किंवा निष्क्रिय यीस्ट देता येते, दोन्ही सेंद्रियात चालतात. देण्याची वेळ म्हणजे एक तृतीयांश साखर संपली तेव्हा.

16 ते 20 अंशांवर दोन-तीन आठवड्यांत साखर संपते. मग बारीक गाळावर 6 ते 12 महिने. सुरुवातीला आठवड्यातून एकदा गाळ ढवळायचा, हिवाळ्यानंतर महिन्यातून एकदा. गाळ वाइनला गोलाई देतो आणि ऑक्सिजन खातो, त्यामुळे सल्फाइट कमी लागते. मॅलोलॅक्टिक, म्हणजे तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर, अनेक जण होऊ देत नाहीत.

मुक्त सल्फर डायऑक्साइड किती ठेवायचा, हे सामू ठरवतो. रेण्वीय रूपात 0.8 मिलिग्रॅम हवा असेल तर सामू 3.0 ला मुक्त 13, 3.2 ला 21 आणि 3.4 ला 32 मिलिग्रॅम लागतात. तिमोरासो वेळेवर तोडले तर सामू 3.2 च्या आसपास असतो, म्हणूनच कमी सल्फाइटमध्ये ते टिकते. आठवडाभर उशिरा तोडले की अल्कोहोल 14.5 च्या वर, सामू 3.4, आणि सल्फाइट दीडपट. सेंद्रिय वायनरीने तोडणीची तारीख साखरेवर नव्हे, सामू आणि आम्लावर ठरवावी असे आम्ही आग्रहाने सांगू.

बाटलीआधी प्रथिनांची चाचणी करा. गाळलेला नमुना 80 अंशांवर दोन तास ठेवून थंड केल्यावर धुरकटला तर बेंटोनाइट द्यावे लागेल, बहुधा 100 लिटरला 50 ते 100 ग्रॅम. आधी पाच लहान बाटल्यांत वेगवेगळे प्रमाण लावून पाहा. जास्त टाकले तर गंधही धुऊन जातो.

प्रश्न : इथे घेतलेल्या सहा वर्षांच्या देर्तोनाला चक्क रॉकेलसारखा वास येतो. बाटली खराब आहे का? लेबलवर सेंद्रिय कसे ओळखायचे?
– मराठी वाचक, मिलान

उत्तर : खराब नाही. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडपासून मुरताना टीडीएन नावाचे संयुग तयार होते, रीसलिंग या जर्मन पांढऱ्या द्राक्षाच्या जुन्या वाइनमध्ये असते तेच. मध आणि ओल्या दगडाच्या गंधाबरोबर मंद असेल तर ती या वाणाची ओळखच आहे. फारच भडक असेल तर घड दुपारच्या उन्हात उघडे पडले होते असा तर्क करता येतो.

लेबलवर हिरव्या पानाचे युरोपीय चिन्ह आणि त्याखाली तपासणी संस्थेचा, ‘आयटी बायो’ने सुरू होणारा क्रमांक पाहा. बागेला सेंद्रिय व्हायला तीन वर्षे लागतात. मधल्या काळात ‘रूपांतरातील’ असा उल्लेख चालतो, पण पानाचे चिन्ह लावता येत नाही.

तोर्तोनाला गेलात तर मोंतेबोरे चीज चाखा. गाय आणि मेंढीच्या दुधाचे, तीन मजली. तेही बंद पडले होते, 1999 मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि देर्तोनाबरोबर त्याची जोडी फार छान जमते.

प्रश्न : माशाच्या जेवणाबरोबर कशी वाढावी?
– वाचक, मडगाव

उत्तर : 10 ते 12 अंशांवर, फ्रीजमधून काढून वीस मिनिटांनी, मोठ्या पेल्यात. रवा लावून तळलेला इसवण, तिसऱ्यांचे सुके यांबरोबर उत्तम. तिखट हुमणाबरोबर नको, 14 टक्के अल्कोहोल मिरचीची आग वाढवते.

प्रश्न : नाशिकला तिमोरासो लावता येईल का? एक नातेवाईक इटलीहून काड्या आणायला तयार आहेत.
– बागायतदार, निफाड

उत्तर : काड्या बॅगेतून आणू नका, ही कळकळीची विनंती. वर वर्णन केलेला फायटोप्लाझ्मा आणि विषाणू अशाच काड्यांतून देशोदेशी गेले आहेत. द्राक्षाच्या लागवड साहित्याला वनस्पती संगरोध आदेश, 2003 नुसार आयात परवाना, निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि इथे आल्यावर विलगीकरण लागते. विचारणा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे करावी.

परवाना मिळाला तरी अडचणी आहेत. तिथे वेल हिवाळ्यात झोपते आणि एकदाच फुटते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड. ते सेंद्रियात चालत नाही. फळ पिकते फेब्रुवारीत, दिवसाचे तापमान चढत असताना, तेव्हा मॅलिक आम्ल झपाट्याने जळते. ज्या आम्लासाठी हे वाण लावायचे, तेच हातात राहील याची खात्री देता येत नाही.

वाण वाचवण्याचीच ओढ असेल तर घरचे काम पडले आहे. भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, काळी साहेबी, हबशी ही महाराष्ट्रातली जुनी वाणे बिनबियांच्या थॉमसनपुढे बाजारातून गेली. त्यांची वाइन कशी होईल हे करून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, पण निवडीची पद्धत वर दिली तीच लागू पडते. कोणाच्या परसात, जुन्या मांडवावर अशी वेल उभी असेल तर ती छाटण्याआधी पालवी, फुलोरा आणि पिकलेला घड यांचे जवळून फोटो घ्या, पानाच्या दोन्ही बाजूंचेही. घडाचे वजन, शंभर मण्यांचे वजन, ब्रिक्स (रसातल्या साखरेचे माप) आणि सामू लिहून ठेवा. काड्या वाटण्याआधी विषाणूंची चाचणी करून घ्या. मग तीन-चार वेली 110 आर खुंटावर कलम करून बागेच्या एका ओळीत लावा, म्हणजे मूळ वेल गेली तरी वाण राहील.